करपीचं येसर

१२ ऑगस्ट, रविवार

सगळ्यात आधी आली ती केवळाबाई, माझ्यासंगं भाजायला येती ती. हातात स्वतःचं उलथणं, आन् तोंडात समोरच्या हॉस्टेलची बातमी. तिथली मेसवाली म्हणे आपलंच येसर घेऊन जाती, डबा बदलती न् घरचं म्हणून पोरांना सांगती. म्हणलं, बसा तरी आधी. बसती कुठं! चुलीपाशी उभ्यानंच सगळं सांगितलं, मेसवालीच्या जावयापर्यंत पोचली. ऐकता ऐकता माझा हात थांबला आन् कढईतून धूर.

"आजी, बाजरी!" तनू वरून ओरडत आली.

गेली बाजरी. काळी झाली. केवळाबाई म्हणती, "अंजनाबाई, आमच्या लोह्याकडं असलं गुरांना बी घालत न्हाईत." म्हणलं, मग गप बसायचं होतं की.

तनुजा म्हणजे माझ्या भुजंगची लेक. कॉम्प्युटर शिकली आन् नोकरी सोडून माझं येसर विकून राहिली. दुकान कुठंय म्हणाल तर कुठंच न्हाई, मोबाईलात हाय. वर माझा फोटो, पदर डोक्यावर, आन् नाव लिहिलंय 'करपीचं येसर'. भुजंग चिडला होता, आईला असलं नाव देतात का. मला तर लई गोड वाटलं. करपी म्हणणारं एकच माणूस होतं, जगी, गावाकडची शेजारीण. तिच्यामागं कुणी म्हणलंच न्हाई. आता सगळा महाराष्ट्र म्हणतो.

मुंबईच्या एका बाईनं इचारलं, हे चहात घालायचं का. आता काय बोलावं! धान्यं, डाळी, मसाला भाजून दळायचं, लग्नाची आमटी त्याच्यावरच. पण मुंबईला कोण सांगणार.

ही डायरी बी तनूनंच दिली. वरच्या खोल्यांत पोरं राहतात, ती 'नीट' करून राहिलीत. (मी म्हणते नीटच करा बाबा, वाकडं नका करू.) त्यांच्या क्लासवाल्यानं फुकट वाटलेली डायरी, पानापानावर पहिल्या आलेल्या लेकरांचे फोटो. तनू म्हणली, "आजी, तुझं बोलणं हिच्यात लिहीत जा, म्हणजे भाजताना तोंड बंद राहील." मी दुसरी शिकलेली. बाकीचं भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात शिकले, साक्षरतेच्या बाईनं शिकवलं. अक्षर हाय तसं हाय.


१७ ऑगस्ट, शुक्रवार

परदेशातून एकजण लई मागं लागलाय. आलोक नाव. येसर पाहिजे म्हणतो, तेबी आपलंच. तनू न्हाई म्हणती. आज पुन्हा त्याचं पत्र मोबाईलात आलं, तर मी म्हणलं, "पाठव की गं. गिऱ्हाईक चालून आलंय न् तू दार लावून घेतीस?"

"आजी, येसरापेक्षा त्याचं भाडं जास्त. आन् तिकडं विमानतळावर खोलून बघतात. खाण्याच्या जिनसांचे कायदे येगळे. तपकिरी भुकटी बघून त्यांना काय वाटंल?"

"काय वाटंल? आमटी करावी वाटंल."

हसली, पण हटली न्हाई. तिची मैत्रीण मालविका, उदगीरची, कापडी पिशव्या विकती. तिनं एकदा बाहेरच्या देशात पाठवल्या. पैसे आले. मग महिन्यानं बँकेनं ते पैसे परत काढून घेतले. कार्ड चोरीचं होतं, ज्याचं होतं त्यानं तक्रार केली. पिशव्या बी गेल्या, पैसे बी गेले.

"भांडायचं कुणाशी?" तनू म्हणली. "पोलिसात जायचं तर कुठल्या देशाच्या? माणूस चोर हाय का साव, मला लातुरात बसून कसं कळावं? म्हणून पत्त्याच्या रकान्यात मी भारतातलाच पिनकोड चालू ठेवलाय. दुसरं काही टाकलं की पुढं जातच न्हाई."

हे मला पटलं. आमच्या गावचा कासार परगावच्या बाईला बांगड्या भरायचा न्हाई. वाटेत एखादी पिचली तर ती बाई त्याच्याच नावानं बोंब मारणार, आन् हा बिचारा खरं-खोटं करायला कुठवर जाणार? ओळखीच्या हातातच भरायचा. पाव्हण्या बायका रुसून जायच्या. माझी नणंद अशीच रुसली होती, तिचं मग... ते राहू दे.

"मग त्याला लिहिलंस काय?"

"लिहिलं, भारतात तुमचं जे माणूस असेल त्याचा पत्ता द्या. तिथं पाठवते."

"हे बरं केलंस," म्हणलं. "असंलच की कुणीतरी. कुणीच नसलेलं माणूस असतं का?"


२ सप्टेंबर, रविवार

आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळी तनू चिठ्ठ्या चिकटवत होती, मी डबे पुसत होते. ती एक एक पत्ता मोठ्यानं वाचती, मला कुठं कुठं जातंय ते ऐकायला आवडतं. पुणे झालं, परभणी झालं. मग म्हणली, "जगदेवी गुंडप्पा. महादेवाच्या देवळामागं, खालची आळी, तांबरगा, तालुका औसा. आजी, हे तर आपलं गाव!"

डबा हातातून सुटला.

तनूला जगी मालूम, जगदेवी मालूम न्हाई. आन् तांबरगा म्हणलं की तिला नवं गाव माहीत, सरकारनं माळावर बांधलेलं, सरळ रस्त्यांचं. तिथं ना खालची आळी हाय ना देवळामागं कुणी. हा पत्ता जुन्या गावाचा. जगीच्या दाराचा. तिची न् माझी भिंत एक होती.

"खाली काय लिहिलंय बघ," तनू म्हणली, "करपलेलंच पाहिजे. असं कुणी सांगतं का?"

सांगतं. एकच माणूस सांगतं.

गणपती बुडवले त्या दिवशी सांजच्याला मी भिंतीवरून तिला वाटीभर येसर दिलं. तिनं वाटी नाकाशी नेली, नाक मुरडलं न् म्हणली, "पुन्हा करपलंय." वाटी मात्र आत नेली. तेच शेवटचं. पहाटं जमीन हलली. मातीच्या छताखाली ती न् तिचा नवरा गुंडप्पा गेले. तिचा तान्हा सिद्धू जित्ता निघाला, जवानांनी काढला, आन् तिच्या बहिणीनं त्याला नांदेडला नेलं. बहिणीचा नवरा मास्तर, चांगल्या घरात पडला, सुखात असंल. आम्ही पांगलो, पुढं काही कळलं न्हाई.

आता जगीनं येसर मागवलंय.

तनू म्हणली, पैसे भरलेत, पण फोन लागत न्हाई, नंबर चुकलाय वाटतं. म्हणलं, राहू दे बाई, तिथं कुठला फोन लागतो!

मला भ्या वाटायला पाहिजे होतं. वाटलं बी थोडं. पण खरं लिहायचं तर त्याच्याहून जास्त आनंद झाला. इतक्या वरसांनी आठवण काढली बयेनं. चिडून गेली न्हाई म्हणायची.


३ सप्टेंबर

जगीचं पाकीट मी स्वतः भरलं. वजनापेक्षा मूठभर जास्त. तनूला सांगितलं न्हाई, ना मुठीचं ना जगीचं. सांगितलं असतं तर भुजंगला सांगून मला डॉक्टरकडं न्यायला लावली असती.


१५ सप्टेंबर, शनिवार

गणपतीच्या गडबडीत पाकीट परत आलं. वर शिक्का, 'व्यक्ती सापडली नाही'. कुरिअरवाला पोरगा म्हणला, नव्या गावात कुणाला ठाव न्हाई, जुन्या गावात नुसत्या बाभळी.

तनू म्हणली, खोटी ऑर्डर. मी पाकीट उलटंपालटं करून बघितलं. एक कोपरा फाटलेला, थोडं येसर कमी.

"उंदीर," तनू म्हणली.

उंदीर कसला! चाखून बघितलं तिनं. चाखलं न् परत केलं. का, तर करपलेलं नव्हतं! त्या दिवशी तनू माझ्या डोक्यावर उभी राहून भाजून घेत होती, बाजरी नुसती गुलाबी झाली होती. जगी बरोबर. करपलेलंच पाहिजे म्हणून लिहून दिलं होतं, आम्ही ऐकलं न्हाई.

केवळाबाईला सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच पाहिजे होतं, पोट फुगलं होतं माझं. तिनं दोन्ही कानांना हात लावले. म्हणली, "मेलेल्याला खाऊ घालू नका, अंजनाबाई. एकदा घातलं की दारातून हटत न्हाईत."

म्हणलं, नका हटू. माझ्या दारात जागा लई हाय.


२९ सप्टेंबर, शनिवार

तनू कामानं बाहेर गेल्यावर एकटीनं भाजलं. मुद्दाम बोलत बसले. कुणी नव्हतं तर जगीशीच बोलले. भुजंगच्या लग्नाचं, ह्यांच्या जाण्याचं, वरच्या पोरांचं, सगळं सांगितलं तिला. ती गेल्यावर काय काय झालं ते तिला कुठं मालूम. छान धूर झाला. वरचा एक पोरगा पळत आला, आजी काय जळतंय? म्हणलं अभ्यास कर.

मग चूल इझवली, कढई धुतली, फळीवर ठेवली. तरी वास येतच राहिला. दुपारभर. कढई गार, चूल गार, आन् वास ताजा. मी दोनदा उठून बघितलं.

बोलणं आवडलं असंल तिला.


३० सप्टेंबर, रविवार

जुन्या गावात जाऊन आले. दर साली ह्या भूकंपाच्या दिवशी नव्या गावात हार घालतात, बंदुका झाडतात, भाषण होतं. पंचविसावं वरीस म्हणून औंदा गर्दी होती. भुजंगला वाटलं मी तिथंच जाते. केवळाबाई कटकट करत संगं आलीच, म्हणली, तुम्हाला काही झालं तर मला कोण बोलवणार भाजायला.

औश्यापर्यंत एसटी, पुढं टमटम. टमटमवाला जुन्या गावच्या वेशीला थांबला, आत येईना. केवळाबाई बी त्याच्यापाशी बसून राहिली. मी एकटी आत गेले. वेडी बाभूळ एवढी माजलीय की गल्ली कुठली न् घर कुठलं ते पायालाच ठाव. डोळ्याला काही दिसत न्हाई, पाय मात्र बरोबर वळतात. महादेवाचा ओटा लागला. त्याच्या मागं डावीकडं आमचा उंबरा, त्याला लागून जगीचा. उंबऱ्याचा दगड हाय अजून. मधून घासलेला, तिच्या पायानं.

तिथं इतकी शांतता होती की आपलाच श्वास दुसऱ्या कुणाचा वाटावा. पाखरू बी न्हाई. परत आलेल्या त्याच पाकिटात नवं येसर भरून नेलं होतं, ते दगडावर ठेवलं न् म्हणलं, "जगे, घे. औंदा मनासारखं करपलंय."

वारं नव्हतं. तरी पाकीट सरकलं. एवढंसं. मी बघितलं. कागद फुगला असंल, उतारावर असंल, मला नका सांगू. सरकलं. आन् मला अगदी नीट ऐकू आलं, "करपे, तोंड मीट न् हात हलव." हे ती रोज म्हणायची, भाजायला बसले की भिंतीपलीकडून.

मागं वळून बघितलं न्हाई. बघायचं नसतं. टमटममध्ये बसल्यावर मात्र मला हसू फुटलं, आवरेना. केवळाबाईनं वाटभर माझा हात सोडला न्हाई, आन् पुटपुटत राहिली.


१ ऑक्टोबर, सोमवार

तनू विचारत होती, परत आलेलं ते पाकीट कुठं गेलं. म्हणलं, मी पोचवलं.

"कुणाला?"

"ज्याचं त्याला."

"गावात सापडली ती बाई? बरं झालं गं आजी! थांब, पोचलं म्हणून नोंद करते. इथं भरावं लागतं, कुणी घेतलं? शेजारी, घरचं माणूस, का स्वतः?"

मी म्हणलं, "स्वतः."

तिनं बटण दाबलं. म्हणली, ऑर्डर देणाऱ्याला लगेच निरोप गेला.

रात्री मनात आलं, मी खोटं तर लिहून दिलं न्हाई? पण शेजारी म्हणावं तर शेजारी मीच. घरचं माणूस तिथं कुणी न्हाई. मग स्वतःच की.


४ ऑक्टोबर, गुरुवार

कालपासून फोन येऊन राहिलेत. लांबलचक नंबर, परदेशाचा. तनूनं उचलला तर माणूस एकच विचारतो, कुणी घेतलं, तुम्ही बघितलं का. तनू म्हणली, "बघ आजी, हे असंच असतं. आता म्हणेल मिळालंच न्हाई, पैसे परत द्या." आन् तिला घोर लागला, बाहेरचा माणूस आत शिरलाच कसा.

आज ती अंघोळीला गेली होती. फोन वाजला, मी घेतला.

"आजी का?" माणूस म्हणला. मराठी नीट, पण जपून बोलल्यासारखी. "फोटोतल्या?"

"हाव. तुम्ही कोण?"

"तांबरग्याची ऑर्डर होती... ती माझी."

"ती जगीची हाय," मी म्हणलं. "मी स्वतः नेऊन दिली."

मग म्हणला, "घेताना काय म्हणाली?"

आता ही काय विचारायची गोष्ट? पण विचारलं तर सांगितलं. "काय म्हणणार! करपे, तोंड मीट न् हात हलव, म्हणली."

पुढं आवाजच येईना. हालो हालो केलं. फोन तुटला न्हवता, पलीकडं कुणीतरी होतं. पण बोलेना. मला वाटलं, रडतंय. मग मला बी भ्या वाटलं न् मी फोन पालथा ठेवला.

तनूला सांगितलं न्हाई. त्या माणसाला जगी कशी माहीत? का तिकडं बी जाती ती?


१६ ऑक्टोबर, मंगळवार

नवरात्र. फोन बंद झाले. वास बी बंद झाला. केवळाबाईनं कुठूनसा अंगारा आणून माझ्या कपाळाला फासला, त्यानं असंल. मी तिला बोलले, कशाला आणलास? आता घर रिकामं वाटून राहिलंय.

येसर करते, पण जीव लागत न्हाई. मन लावून भाजते आन् करपतच न्हाई. तनू खूश.


२८ ऑक्टोबर, रविवार

सगळ्यात आधी आली ती एक चिमुरडी. पायात लाल बूट, केस कुरळे, दारातून सरळ चुलीपर्यंत. हिला कुठं बघितलंय म्हणून मी इचार करायला लागले. मागून एक उंच माणूस, दाढीवाला, हातात बॅग. दारातच थांबला. माझ्याकडं असं बघायला लागला की मी पदर नीट केला.

"मी आलोक," म्हणला.

तनू पिठाच्या हातानं उभी राहिली. "ते परदेशातले? अहो, मी लिहिलं होतं ना, बाहेर पाठवत नाही. त्याच्यासाठी एवढ्या लांब..."

"तुम्ही लिहिलं होतं," तो म्हणला, "भारतात तुमचं जे माणूस असेल त्याचा पत्ता द्या." बॅग खाली ठेवली. "ज्यांनी वाढवलं ते दोघंही गेले. नांदेडचं घर विकलं. मी बराच वेळ बसलो त्या रकान्यापुढं. मला एकच पत्ता पाठ होता. जन्माच्या दाखल्यावरचा. आईचा."

तनू एकदम आत गेली, न् तिचा नाक ओढल्याचा आवाज आला. धूर गेला असंल डोळ्यांत, मी कढई चढवलेली होती.

"कुणी घेणार नाही माहीत होतं," तो म्हणला. "नुसतं पाठवावं वाटलं. तिच्या नावानं. आणि मग तुमचा निरोप आला. स्वीकारणारी व्यक्ती, स्वतः. आजी, मला दोन दिवस काही सुधरेना. मग फोनवर तुम्ही ते वाक्य बोललात. मावशी हुबेहूब तेच सांगायची. तुझी आई शेजारणीला असं म्हणायची. करपी म्हणायची. तुमच्या दुकानाचं नाव दिसलं तेव्हाच मी..."

मी त्याला मध्येच थांबवलं. कुणाची मावशी, कुठली आई, माझं डोकं फिरून राहिलं होतं. म्हणलं, "पोरा, पाळण्यातलं नाव काय तुझं?"

"सिद्धेश्वर. मावशी सिद्धू म्हणायची."

सिद्धू. भिंतीवरून मी ज्याला मांडीवर घ्यायची तो सिद्धू. त्याच्या दाढीला हात लावून बघितला. खरी होती.

मग किती रडलो ते लिहीत न्हाई. क्लासची पोरं जिन्यात गोळा झाली होती.

येसर आमटी केली. बोलत बोलत केली, म्हणजे झालं ते झालंच. चिमुरडीला वाटीत दिली. तिनं वाटी आधी नाकाशी नेली. नाक मुरडलं. आन् विंग्रजीत कायतरी बोलली.

तनूला विचारलं, काय म्हणती?

तनू रडत होती न् हसत होती. "आजी, ती म्हणती, करपलंय."

आन् वाटी मात्र सोडली न्हाई. सगळी प्याली.


२९ ऑक्टोबर, सोमवार

त्याला जुन्या गावात नेलं. तनू बी आली, तिनं बघितलंच नव्हतं. उंबऱ्यावर पाकीट नव्हतं, कागदाचा चिठोरा बी न्हाई. तनू हळूच म्हणली, कुत्री असतील. सिद्धू त्या घासलेल्या दगडावर बसला. लेक मांडीवर. मी लांब उभी राहिले, मायलेकरांच्या मध्ये कशाला जायचं. पण करपट वास आला. मलाच न्हाई, तनूनं बी इकडंतिकडं बघितलं.

सिद्धूला वाटतं ऑर्डर त्यानं दिली. असू दे. कुणी द्यायला लावली ते मला ठाव.

येताना तनू म्हणली, "आजी, आता बाहेरच्या देशात पाठवायचं चालू करू का?" म्हणलं, खुळी का काय. पाठवलं असतं तर तो आला असता का? ज्याला पाहिजे त्यानं माणूस हुडकून पत्ता द्यावा.

सिद्धूनं माझा पत्ता लिहून घेतला, तनूच्या त्या रकान्यासाठी. भारतातलं माणूस म्हणून आता मी. पाकीट मलाच येणार, मीच भरायचं न् मीच घ्यायचं!


३१ ऑक्टोबर, बुधवार

पाव्हणे गेले. चिमुरडीनं जाताना माझ्या हातातलं उलथणं मागितलं, दिलं. केवळाबाईचं होतं ते. बघू काय म्हणती.

येळवसीला, वावरात पंगत घालायच्या अवसेला, येतो म्हणले. म्हणलं, कोणत्या वावरात? तर म्हणला, आईच्या. बाभळी काढायला माणसं लावतो, पांढरीवरच, जुन्या घराच्या जागेवर, पंगत घालू, तुम्ही आंबील न् भज्जी करा, येसर करा. करपलेलंच. बायकोला बी आणतो म्हणला.

परदेशातल्या माणसाचा काय भरोसा, तनू म्हणती. पण मी तारीख विचारून घेतली, पाच जानेवारी, शनवार. ह्या डायरीत पुढल्या सालाची पानं न्हाईत. पण सुरवातीची सगळी कोरीच हायेत, मी ऑगस्टात लिहायला लागले ना. तर मागं जाऊन पाच जानेवारीचं पान काढलं. वर 'शुक्रवार' छापलंय, ते खोडून 'शनवार' केलं. खाली लिहिलं, येळवस. सिद्धू, लेक, सूनबाई. जुनं तांबरगा, खालची आळी.

आन् जगी.